मोटरसायकलचं इंजिन, घरची गाडी आणि हवेची वाट



आमच्या बागेतली गाडी बघितली की येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो. सीटच्या मागून डोक्याच्या वर गेलेला तो उभा पाइप कसला? धुराडं आहे का? धुराडं नाही, ते गाडीचं नाक आहे. त्या नाकापायी एक इंजिन घालवलं आणि त्यानंतर बराच इतिहास वाचला. आजची नोंद त्याचीच.

आधी गाडीचं सांगतो. डाळिंबाच्या बागेत क्रेट, खताच्या गोण्या आणि फवारणीचा दोनशे लिटरचा ड्रम न्यायला ट्रॅक्टर काढणं जिवावर येतं. म्हणून अँगलचा सांगाडा वेल्डिंग करून घेतला. मागचा दांडा आणि चाकं भंगारातल्या रिक्षाची, स्टिअरिंग जुन्या कारचं आणि इंजिन अपघातात गेलेल्या १५० सीसी मोटरसायकलचं. रिव्हर्स गिअर म्हणजे मी आणि गडी, दोघं मिळून ढकलतो. गाडी शेताबाहेर जात नाही. अशा गाडीला पासिंग मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

इंजिन बसवताना मोटरसायकलचा मूळ एअर फिल्टरचा डबा जागेत बसेना. तो सीटखालच्या फ्रेमच्या आकाराचा असतो. म्हणून तो काढला आणि व्हिडिओत बघून कार्बोरेटरच्या तोंडावर थेट शंकूसारखा जाळीचा फिल्टर चढवला. दिसायला झकास. आवाजही भारी, गाडी शर्यतीला निघाल्यासारखी. एक हंगाम चालली. मे महिन्यात निळा धूर सुटला, इंजिन ऑइल प्यायला लागलं, किक हलकी झाली. मिस्त्रीने सिलिंडर उघडला तर वरच्या कडेला नखाला लागेल अशी पायरी पडलेली, रिंगा ब्लेडसारख्या पातळ. त्याने कार्बोरेटरच्या गळ्यात बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. बोटावर तेलकट, करकरीत काळी माती. बोअर, पिस्टन, रिंगा आणि मजुरी मिळून साडेसहा हजार गेले.

माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये असतो. सुट्टीला आला, फिल्टर बघितला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही रेसचं नाक कुळवाला लावलंय." मला राग आला, पण बोलणं खरं होतं.

एक साधा हिशेब करून बघा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरमागं नऊ हजार लिटरच्या वर हवा. गाडीत आपण पेट्रोल मापून घालतो, चाळणीतून गाळतो. पण त्याच्या नऊ हजार पट हवा कुठून येते हे कुणी बघत नाही. आमची माणदेशी मुरमाड जमीन, एप्रिल-मेमधला फुफाटा. त्यातला गारगोटीचा बारीक कण सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतो. आणि डोळ्यांना दिसणारी वाळू त्यात सगळ्यात वाईट नव्हे. पाच ते वीस मायक्रॉनचा कण खरा घातकी. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, यावरून अंदाज घ्या. रिंग आणि सिलिंडर यांच्यात तेलाचा जो पापुद्रा असतो त्यात हा कण बरोबर मावतो आणि पॉलिश पेपरासारखा घासत राहतो.

आता मोटरसायकलचं इंजिन गाडीला लावायची कल्पना माझी नाही, तिला शंभरावर वर्षं झाली. इंग्लंडमध्ये एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ मध्ये तीन चाकांची गाडी केली, जुळ्या सिलिंडरचं मोटरसायकलचं इंजिन पुढच्या दोन चाकांच्या मध्ये उघड्यावर. १९१० च्या सुमारास गॉडफ्रे आणि फ्रेझर-नॅश या दोघांनी 'जीएन' नावाची गाडी काढली. अशा गाड्यांना सायकलकार म्हणत. वजन ३५० किलोच्या आत, इंजिन ११०० सीसीच्या आत, अशी व्याख्याच १९१२ मध्ये ठरली. लोक घरी, परसात, शेडमध्ये असल्या गाड्या करत. १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन ही स्वस्त, खरीखुरी चारचाकी आली आणि ही लाट ओसरली.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांना हवेचा फिल्टरच नव्हता. कार्बोरेटरचं तोंड उघडं. इंग्लंडात पाऊस भरपूर, गाडी हौसेपुरती पळणार, आणि इंजिन वरचेवर उघडून साफ करणं हा तेव्हा मालकाच्या दिनक्रमाचाच भाग. त्यामुळे चालून गेलं.

शेतात चालून गेलं नाही. आणि हवा गाळण्याचा इतिहास मोठ्या प्रमाणात शेतातूनच पुढं गेला, हे वाचून मला बरं वाटलं. १९१५ मध्ये अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन नावाचा ट्रॅक्टर विकणारा माणूस यूटा राज्यात एका शेतकऱ्याकडे गेला. त्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर धुळीने सारखा बंद पडायचा. डोनाल्डसनने तारेचा पिंजरा केला, त्यावर मऊ कापड गुंडाळलं आणि तो पिंजरा एका उंच पाइपच्या टोकावर बसवून पाइप इंजिनला जोडला. ट्रॅक्टर चालला. कंपनीला मात्र हे रुचलं नाही. फिल्टर लावावा लागतो म्हणजे आमच्या ट्रॅक्टरमध्ये खोट आहे असं होईल, म्हणून त्याची नोकरी गेली. मग त्याने स्वतःचा फिल्टरचा कारखाना काढला. तो आजही आहे.

यातला पाइप नीट बघा. कापडाइतकंच महत्त्व त्या उंचीला आहे. धुराळा जमिनीजवळ सगळ्यात दाट असतो. कुळवामागं चालताना पोटऱ्या किती माखतात आणि टोपी किती, एवढं आठवलं तरी पुरे. माझा शंकू फिल्टर मागच्या चाकाच्या शेजारी, जमिनीपासून हातभर उंचीवर होता. चाक उडवील ती माती तो घेत होता.

१९१७ पासून निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरला पाण्यातून हवा धुऊन घ्यायची सोय होती, हुक्क्यासारखी. कल्पना चांगली, पण पाणी आटतं, रोज भरावं लागतं आणि थंड मुलखात गोठतं. पुढं पाण्याच्या जागी तेल आलं. तोच आपला ऑइल बाथ. आमच्या वडिलांच्या ट्रॅक्टरला होता. हवा मधल्या नळीतून खाली येते, वाटीतल्या तेलावर आपटते आणि गर्रकन वर वळते. हवा हलकी म्हणून वळते, मातीचा कण जड म्हणून वळू शकत नाही, तेलात जातो. उरलेला बारीक कण वरच्या तेलाने भिजलेल्या जाळीत अडकतो आणि तेलाबरोबर परत वाटीत गळतो. वडील पेरणीच्या दिवसांत रोज सकाळी वाटी काढून तळाचा चिखल खरवडायचे. आम्ही पोरं तेव्हा हसायचो, एवढा वेळ कशाला म्हणून. तो ट्रॅक्टर आमच्याकडं बावीस वर्षं होता.

सैन्यालाही हा धडा वाळवंटात मिळाला. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत स्पिटफायर विमानांना नाकाखाली व्होक्स नावाचा मोठा थोरला फिल्टर लावला. इंजिन वाचलं, पण विमान मंद झालं आणि वैमानिक कुरकुरले. मग इजिप्तमधल्या अबुकीरच्या दुरुस्ती कारखान्यात तिथल्याच लोकांनी आटोपशीर फिल्टर तयार केला. गाळण चांगली हवी आणि श्वासही मोकळा हवा, ही ओढाताण तेव्हापासून तशीच आहे.

युद्ध संपलं आणि मोटरसायकलच्या इंजिनाची गाडी पुन्हा उगवली, या वेळी शर्यतीसाठी. पेट्रोल रेशनवर, पैसा कुणाकडे नाही. ब्रिस्टलच्या विमान कारखान्यातल्या हौशी मंडळींनी कल्पना काढली की ५०० सीसीच्या मोटरसायकल इंजिनवर स्वस्त शर्यतीच्या गाड्या करायच्या. १९४६ मध्ये लंडनजवळ सर्बिटनला चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी आपल्या गॅरेजमध्ये अशी गाडी उभी केली. फियाट टोपोलिनो या छोट्या गाडीचे दोन पुढचे अर्धे भाग पाठीला पाठ लावून जोडले, म्हणजे चारही चाकांना सुटं सस्पेन्शन. इंजिन जेएपीचं, एका सिलिंडरचं, मातीच्या गोल ट्रॅकवर पळणाऱ्या मोटरसायकलींचं. चेनने मागचं चाक फिरवायचं म्हणून इंजिन चालकाच्या मागं ठेवलं. म्हटलं तर सोय, पण पुढं याच मागच्या इंजिनाने जग बदललं. स्टर्लिंग मॉसने १९४८ मध्ये, अठराव्या वर्षी, कूपरचीच ५०० सीसी गाडी घेतली. १९५९ आणि १९६० मध्ये जॅक ब्रॅबहॅमने मागं इंजिन असलेल्या कूपर गाडीतून फॉर्म्युला वनची अजिंक्यपदं जिंकली.

या शर्यतवाल्यांनी हवेच्या वाटेचं काय केलं? फिल्टर नाही, कार्बोरेटरच्या तोंडाला कर्ण्यासारखं पसरट, गोल कडेचं नरसाळं. त्यामागं कारण आहे. सरळ कापलेल्या नळीच्या कडेवर हवा अडखळते, कड गोल असली की सरकत आत जाते. विहिरीच्या फूटव्हॉल्वला सरळ कापलेला पाइप आणि तोंड पसरट केलेला पाइप यात जो फरक पडतो, तोच. पण शर्यतीचं इंजिन वरचेवर उघडलं जातं, रिंगा बदलल्या जातात, ट्रॅक स्वच्छ असतो. त्यांनी काढून टाकलं ते त्यांना परवडणारं होतं. व्हिडिओ बघून मी नक्कल केली ती या घराण्याची. माझं काम मात्र यूटाच्या त्या शेतकऱ्याचं.

आपल्याकडेही असे लोक झाले. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये 'मीरा' या छोट्या गाडीचा पहिला नमुना केला. पुढं कितीतरी वर्षं ते ती सुधारत राहिले, पण कारखान्यातून ती कधी निघाली नाही. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेट मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं आणि कोळप्याचा दांडा बसवला. दुष्काळात बैल परवडेनात म्हणून. 'बुलेट सांती' म्हणून ते यंत्र गाजलं, त्याचं पेटंटही झालं. मला तिथं एकच गोष्ट सारखी वाटते. मोटरसायकल रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगात असते, समोरून ताजी हवा येते, धुराळा मागं राहतो. कोळपताना वेग माणसाच्या चालीचा. वारा पाठीमागून असला की आपलाच धुराळा आपल्याला गाठतो. इंजिन तेच, पण त्याच्या नाकासमोरची हवा पार वेगळी. घरच्या गाडीत मोटरसायकलचं इंजिन घालणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. थंड होण्याचा प्रश्नही तसाच. रिक्षाच्या इंजिनाला पंखा असतो तो उगीच नाही. त्यावर वेगळं लिहीन.

भाच्याच्या कॉलेजची गोष्ट इथं येते. १९८१ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात विद्यार्थ्यांची एक स्पर्धा सुरू झाली, फॉर्म्युला एसएई. पोरांनी मोटरसायकलचं इंजिन घेऊन गाडी स्वतः बनवायची. आपल्याकडे सुप्रा, फॉर्म्युला भारत या त्याच धर्तीच्या स्पर्धा. चाकणला बनलेलं केटीएम ३९० चं ३७३ सीसी इंजिन कितीतरी टीम वापरतात. यात गंमतीचा नियम असा की इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. पोरांनी वेगाच्या नादात जीव घालवू नये म्हणून. त्या भोकातून कितीही ओढलं तरी सेकंदाला साधारण ७० ग्रॅमपेक्षा जास्त हवा जात नाही, कारण तिथं हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचतो आणि पुढं वाढत नाही.

मी म्हटलं, अरे, तुझं इंजिन ९००० आरपीएमला सेकंदाला ३०-३२ ग्रॅमच हवा पितं, मग अडचण कुठली? तो म्हणाला, "मामा, ते सरासरी झालं. एकच सिलिंडर आहे. चार स्ट्रोकमधल्या एकाच स्ट्रोकला ओढतं, मग तीन स्ट्रोक गप्प. ओढतं तेव्हा चौपट जोराने ओढतं." म्हणून भोक आणि इंजिन यांच्यामध्ये ते मोठा हवाबंद डबा ठेवतात. मला लगेच कळलं. आमच्या बोअरला दिवसभर दीड इंच पाणी चालतं, पण ठिबकला एका वेळी जास्त लागतं, म्हणून मध्ये हौद बांधलाय. हा हवेचा हौद. मोटरसायकलच्या सीटखालचा जो काळा प्लॅस्टिकचा डबा मी अडगळ म्हणून फेकला, तो फिल्टरचा डबा तर होताच, हौदही होता. म्हणूनच डबा काढल्यावर खालच्या आरपीएमला गाडी गचके खायची. मी तो दोष कार्बोरेटरला देत होतो, स्क्रू फिरवत बसायचो.

मग दुरुस्ती. पहिल्यांदा वडिलांच्या ट्रॅक्टरचा ऑइल बाथ माळ्यावरून काढून लावला. मोठा म्हणजे चांगला, असा माझा हिशेब. चुकला. ट्रॅक्टरचं अडीच हजार सीसीचं इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार लिटर हवा ओढतं. माझं १५० सीसीचं ५००० आरपीएमला जेमतेम तीनशे. एवढ्याशा हवेने वाटीतलं तेल हलतही नव्हतं. तेल उसळलं नाही की जाळी कोरडी राहते आणि बारीक धूळ सरळ पुढं जाते. आठ दिवसांत कार्बोरेटरच्या गळ्यात पुन्हा करकर लागली. या वेळी बोट मी स्वतः घातलं होतं, म्हणून इंजिन वाचलं.

उत्तर विहिरीवर पडलेलं होतं. वीज यायच्या आधीचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, ८० मिलिमीटर बोअर, ११० स्ट्रोक, म्हणजे साधारण ५५० सीसी. १५०० आरपीएमला ते मिनिटाला साडेतीनशे लिटरच्या आसपास हवा ओढतं. माझ्या १५० सीसीच्या अगदी जवळ. तोच ऑइल बाथ काढला, रॉकेलने धुतला, खुणेपर्यंत तेल भरलं. खुणेच्या वर भरू नका, तेल ओढलं जाऊन इंजिनात जातं.

एक फरक मात्र ध्यानात ठेवला. डिझेल इंजिनाला हवेचा थ्रॉटल नसतो, ते कायम पोटभर हवा घेतं. पेट्रोल इंजिन रिकामं फिरताना फार थोडी घेतं, त्या वेळी ऑइल बाथ ढिला पडतो. म्हणून त्याच्यामागं पाच लिटरचा जाड प्लॅस्टिकचा कॅन हौद म्हणून आणि त्यात छोट्या कारचा कागदी फिल्टर. वाट अशी: वर टोपी, उभा पाइप, ऑइल बाथ, कागदी फिल्टर, हौद, कार्बोरेटर. पाइपची आतली रुंदी कार्बोरेटरच्या तोंडापेक्षा दीडपट ठेवली. पाइप इंजिनापासून लांबून आणला, कारण सत्तर अंशांची गरम हवा पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा तेरा टक्के पातळ असते, म्हणजे तेवढी ताकद फुकट. बांध चढताना ऑइल बाथ कलंडून तेल पुढं जायला नको म्हणून तो गाडीच्या मध्यावर, सरळ उभा बसवला.

एवढी वाट लांबल्यावर मिश्रण दाट झालं. प्लग काढला तर काजळी. मेन जेट एक नंबर लहान केला तेव्हा प्लगला विटकरी रंग आला. शंकू फिल्टर होता तेव्हा प्लग पांढराफटक असायचा, ते मिश्रण पातळ असल्याचं लक्षण. मी मात्र स्वच्छ आहे म्हणून खूश होतो.

जोडांची तपासणी सोपी आहे. इंजिन हळू चालू ठेवून वरच्या पाइपचं तोंड तळहाताने गच्च दाबायचं. दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर हवा दुसरीकडून, न गाळता, आत शिरतेय. माझं पहिल्या वेळी चालूच राहिलं. कार्बोरेटरमागचा रबरी बूट खालच्या बाजूला चिरला होता, वरून अजिबात दिसत नव्हता. हजारो रुपयांचा फिल्टर असला तरी ती एक चीर सगळ्यावर पाणी फिरवते. ट्रॅक्टरलाही ही तपासणी करता येते, पण तिथं हात लावू नका, ओढ जबर असते. फळीचा तुकडा वापरा.

या गोष्टीला आता तीन हंगाम झाले. आज सकाळी वाटी काढली. तळाला बोटभर चिखल, तांबूस, आपल्याच रानातला. कार्बोरेटरच्या गळ्यात बोट फिरवलं, कोरडं आणि स्वच्छ निघालं. भाच्याला फोटो पाठवला तर त्याने त्यांच्या टीमच्या नव्या डब्याचा फोटो परत पाठवला, थ्री-डी प्रिंटरवर केलेला, गुळगुळीत. माझ्या कॅनवर अजून फवारणीच्या औषधाचं लेबल आहे. उद्या बहराची फवारणी, पहाटेच निघायचंय, म्हणून वाटीत तेल आत्ताच भरून ठेवतो.